बिनसुईची झडप

रुग्णालयात कोणा आप्ताच्या खाटेशेजारी बसण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलाच असेल. वर खांबाला टांगलेली सलाईनची बाटली, तीतून थेंबाथेंबाने उतरणारे पाणी आणि मनगटाशी चिकटपट्टीने बसविलेली बारीक नळी, हे दृश्य आता घरोघर परिचयाचे झाले आहे. अशा वेळी आपली दृष्टी बाटलीवर खिळलेली असते. किती उरले, कधी संपेल आणि संपताच सिस्टरांना हाक कशी मारावयाची, एवढेच आपणांस सुचते. परंतु रुग्णाच्या हाताजवळ, जेथे नळीचे तोंड असते तेथे, शेंगदाण्याएवढा एक तुकडा बसविलेला असतो. परिचारिका येते, सुई न लावलेली पिचकारी त्यावर टेकवून फिरविते, औषध आत जाते आणि पिचकारी काढताच ते तोंड आपोआप मिटते. या तुकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयीच. त्यास आपण बिनसुईची झडप म्हणू.

मी वैद्य नव्हे, यंत्रज्ञही नव्हे. आयुष्यभर मुलांना अंकगणित आणि सृष्टिज्ञान शिकविले. मागे वडील बंधूंच्या उशाशी अकरा रात्री काढाव्या लागल्या, तेव्हा जागे राहण्यासाठी काही तरी पाहत बसावे, म्हणून या झडपेकडे पाहू लागलो. पाहता पाहता ध्यानात आले की, एवढ्याशा वस्तूत पदार्थविज्ञान आहे, जंतुशास्त्र आहे, आणि थकलेल्या मनुष्याच्या हाताचा एक मोठा प्रश्नही आहे.

नळीतून काहीही वाहो, तिला खरे भय सांध्याशी असते, हे नाशिककरांस निराळे सांगावयास नको. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीशी गळती झाली, नळ्यांतील दाब उतरला, आणि त्या प्राणवायूवर अवलंबून असलेले २२ रुग्ण त्या एका दिवसात गेले. ती गोष्ट वायूची, आजची द्रवाची. ती टाकी घराएवढी, ही झडप शेंगदाण्याएवढी. परंतु एक वस्तू दुसरीस जेथे जोडली जाते तेथे काय घडते, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे.

शिरेतून पाणी देण्याची युक्ती जुनी आहे. १८३२ साली पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. टॉमस लॅटा यांनी क्षारमिश्रित पाणी रुग्णांच्या शिरेत सोडून पाहिले, आणि मरणाच्या दारी गेलेली काही माणसे माघारी आली. पुढे १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व फ्रान्सचे शार्ल प्राव्हाझ यांच्या प्रयत्नांनी पोकळ सुईची पिचकारी वैद्यकात आली. त्या दिवसापासून औषध आणि सुई यांची जणू लग्नगाठच बसली.

आता शिरेत प्रथम नळी घालावयाची तर सुई हवीच, कारण त्वचा भेदल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु एकदा नळी बसली म्हणजे पुढचे प्रत्येक औषध त्या नळीत घालावयाचे असते, देहात नव्हे. असे असूनही अनेक वर्षे प्रघात असा होता की, नळीला रबरी बुचाचे एक तोंड ठेवावे आणि दर वेळी त्यात सुई खुपसावी. रबर भेदण्यासाठी मनुष्याचे कातडे भेदणारे हत्यार वापरावयाचे, हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे. तथापि दुसरी सोय नसल्यामुळे तो चालला.

त्याची किंमत कोणी दिली, ते माझ्या एका विद्यार्थिनीकडून मला कळले. बंधूंच्या खाटेशी रात्रपाळीस येणारी वडीलधारी सिस्टर मला पाहून थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, ओळखलंत का?" चौथीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी ती मुलगी. एके रात्री तिने मला आपल्या उमेदवारीच्या काळातील हकीकत सांगितली. नळीच्या रबरी बुचात खोवून ठेवलेली एक सुई निसटली आणि तिच्या बोटात घुसली. रुग्णाच्या रक्ताविषयी शंका होती. तिने २८ दिवस गोळ्या घेतल्या आणि सहा महिने वारंवार रक्त तपासून घेतले. सुदैवाने काही निघाले नाही. "पण गुरुजी, ते सहा महिने मी आईला काही सांगितलं नाही, आणि धाकट्या भावाला जेवायला वाढताना हात मागे घ्यायची," असे ती म्हणाली. अन्न वाढल्याने हा रोग लागत नाही, हे ती जाणत होती. पण जाणणे निराळे आणि भीती निराळी.

ही भीती निराधार नव्हती. दूषित सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीस ब प्रकारची कावीळ होण्याचा संभव शंभरांत तीसपर्यंत असू शकतो. क प्रकारची कावीळ शंभरांत सुमारे दोघांस, आणि एचआयव्हीची बाधा हजारांत सुमारे तिघांस होते, असे मानतात. आपल्या देशात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ साली उघडकीस आली, आणि तेव्हापासून सुई टोचणे ही किरकोळ बाब राहिली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली नळ्यांच्या जोडणीत सुया वापरण्याविरुद्ध इशारा दिला, आणि २००० साली तेथे सुईच्या इजा टाळण्यासाठी कायदाच झाला. मग कारखानदार एका प्रश्नास लागले: जे तोंड एरवी पक्के मिटलेले राहील, पिचकारीचे बोथट टोक येताच उघडेल आणि ते जाताच पुन्हा मिटेल, असे तोंड कसे करावे?

श्रोते हो, झडपा घडविण्यात मनुष्य काही पहिला नव्हे. आपल्या प्रत्येकाच्या शिरांत त्या आहेत. इटलीतील फाब्रिसिअस यांनी १६०३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली त्यांचा खरा अर्थ सांगितला. हा प्रयोग आपण घरी करून पाहू शकता. हात खाली सोडा म्हणजे मनगटाजवळील शिरा फुगतील. एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तीतील रक्त कोपराच्या दिशेने निपटून न्या. दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण वर गेलेले रक्त खाली येऊ पाहते तेव्हा झडपेचे दोन कोमल पडदे त्याच रक्ताच्या भाराने मिटतात. तेथे स्प्रिंग नाही, बिजागरी नाही. परत फिरणारा प्रवाहच दार लावून घेतो.

मग अशीच झडप नळीला का बसवू नये? कारण नळीचे काम याहून अवघड आहे. शिरेतील झडपेने एकाच दिशेने वाट द्यावयाची असते. नळीच्या तोंडातून औषध आत घालता आले पाहिजे आणि प्रसंगी तपासणीसाठी रक्त बाहेरही घेता आले पाहिजे. म्हणजे ही झडप प्रवाहाची दिशा ओळखणारी नको, तर पाहुणा ओळखणारी हवी.

त्यासाठी मुख्यत्वे दोन युक्त्या निघाल्या. पहिली सदऱ्याच्या काजासारखी. रबरासारख्या लवचिक सिलिकोनच्या चकतीला मधोमध एक चीर पाडावयाची आणि ती चकती घट्ट दाबून बसवावयाची. चीर स्वभावतः मिटलेली राहते; बोथट टोक घातले म्हणजे उघडते आणि काढले म्हणजे मिटते. दुसरी युक्ती मोटारीच्या चाकातील हवेच्या तोंडासारखी. तेथे मधली काडी दाबली की वाट मोकळी होते आणि सोडली की बंद होते, हे आपण पंक्चरच्या दुकानात पाहिले असेल. या झडपेत काडीच्या जागी सिलिकोनचा लहानसा दट्ट्या असतो. पिचकारीचे टोक त्यास खाली ढकलते, द्रव बाजूने वाहू लागतो, आणि टोक निघताच दट्ट्या आपल्या अंगच्या लवचिकपणाने वर येतो.

आपल्या सातपूरला डिझेल इंजिनांची जी नोझले घडविली जातात, त्यांत बारीक सुईच झडपेचे काम करते, आणि तिची घासाई इतकी सूक्ष्म असते की केसाच्या जाडीचा अंशही तेथे फार होतो. धातू धातूवर तंतोतंत बसवून गळती थांबविणे, ही ती विद्या. या झडपेत विद्या उलटी आहे. येथे कठीण वस्तू मऊ वस्तूवर दाबून गळती थांबवावयाची, आणि ती मऊ वस्तू शेकडो वेळा दाबली गेली तरी तिने आपला मूळ आकार विसरता कामा नये.

पिचकारीचे टोक आणि झडपेचे तोंड परस्परांत घट्ट बसते, त्यालाही एक माप आहे. पॅरिसच्या ल्युअर या उपकरणकारांच्या नावाने ते ओळखले जाते. टोक शंकूसारखे निमुळते, शंभर भाग लांबीस सहा भाग व्यास कमी होणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेले हे माप जगभर एक असल्यामुळे कोणाचीही पिचकारी कोणाच्याही नळीस बसते. ही सोय मोठी खरी, परंतु सोयीतच संकट दडलेले असते. शिरेच्या नळीस जे बसते तेच पोटात अन्न नेणाऱ्या नळीस आणि पाठीच्या कण्यातील नळीसही बसू लागले, आणि एका नळीचे औषध दुसरीत जाऊन जगभर माणसे दगावली. म्हणून आता आंतरराष्ट्रीय मानकांनी अन्नाच्या व कण्याच्या नळ्यांना निराळी तोंडे नेमून दिली आहेत, की चुकीची जोडणी करू म्हटले तरी होऊ नये. ज्याची चूक करण्याची सोयच ठेवली नाही, ती चूक दमलेल्या मनुष्याच्याही हातून होत नाही. हे सूत्र ध्यानात असू द्यावे. पुढे ते उपयोगी पडेल.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बोट बुडवा म्हणजे थोडे पाणी सांडेल. बोट काढा म्हणजे पातळी खाली जाईल, कारण बोटाने अडविलेली जागा रिकामी झाली. झडपेतही तसेच होते. पिचकारीचे टोक काढले की त्याची जागा मोकळी पडते, आणि ती भरून काढण्यासाठी नळी शिरेकडून रक्त ओढून घेते. हे रक्त एका थेंबाहूनही कमी असते. परंतु ते नळीच्या टोकाशी गोठते, वाट बुजते आणि रुग्णास पुन्हा नवी सुई सोसावी लागते. यावर उपाय म्हणून काहींनी झडपेच्या पोटात अशी रचना केली की, टोक काढताना उलट थोडासा द्रव शिरेकडे ढकलला जावा. काहींनी जाणे-येणे जवळजवळ शून्यावर आणले. गंमत अशी की, रक्त ओढून घेणाऱ्या प्रकारात पिचकारी काढण्यापूर्वी नळीचा चिमटा लावावयाचा आणि द्रव पुढे ढकलणाऱ्या प्रकारात काढल्यानंतर. दोन्ही झडपा दिसावयास सारख्या असल्या आणि एकाच वॉर्डात दोन्ही असल्या, तर परिचारिकेने काय करावे?

येथपर्यंतची कथा बुद्धीच्या विजयाची झाली. परंतु २००० नंतरच्या दशकात अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील काही रुग्णालयांत एक विपरीत गोष्ट नजरेस आली. जुनी चिरेची चकती टाकून नव्या यांत्रिक झडपा आणल्या, आणि रुग्णांच्या रक्तातील जंतुसंसर्ग वाढला! झडपा बदलल्या तेव्हा तो उतरला. २०१० साली अमेरिकेच्या प्रशासनाने द्रव पुढे ढकलणाऱ्या झडपांच्या निर्मात्यांना त्यांच्या सुरक्षिततेचा पुन्हा अभ्यास करावयास लावले. कारणांचा विचार करता असे दिसले की, दट्ट्याभोवती बारीक फट राहते आणि तेथे पुसणारा बोळा पोहोचत नाही. आतील वाट वळणावळणाची असल्याने कोपऱ्यांत रक्ताचा अंश राहतो. आणि कवच अपारदर्शक असेल तर तो अंश डोळ्यांस दिसतही नाही. तेथे जंतू आपला चिकट थर बांधून बसतात. पुढच्या वेळी पिचकारी टेकताच ते थेट रक्तात जातात.

सुई गेली, टोचण्याचे भय गेले. पण तोंड उरले, आणि तोंडाची स्वच्छता उरली. हा धडा आपल्या महाराष्ट्राशी निगडित असलेल्या एका दुर्घटनेने शंभर वर्षांपूर्वीच दिला होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे नाशिक जिल्ह्यातही त्याने घरेच्या घरे ओस पाडली. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथे त्यांची प्रयोगशाळा झाली, आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष प्रयोगशाळेच्या माथी आला, आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले होते, असे चौकशीतून दिसून आले. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. १९२५ साली त्याच परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

या घटनेत औषध निर्दोष होते, बाटली निर्दोष होती, सुईचाही अपराध नव्हता. अपराध घडला तो बाटली उघडण्याच्या क्षणी, तिच्या तोंडाशी. आजच्या झडपेचे तोंड तर दिवसातून कितीतरी वेळा उघडते!

म्हणून नियम असा आहे की, दर वेळी पिचकारी जोडण्यापूर्वी स्पिरिटच्या बोळ्याने झडपेचे तोंड पाच ते पंधरा सेकंद चांगले घासावे, आणि ते वाळू द्यावे. वाळणे हा त्या क्रियेचाच भाग आहे. बंधूंच्या खाटेशी एका रात्री सिस्टरने हे केले नाही. मी मास्तर माणूस, हटकलेच. म्हटले, "अगं, पुसलं नाहीस." ती रागावली नाही. बोळा घेऊन तोंड घासले, औषध दिले, आणि मग म्हणाली, "गुरुजी, नियम पाठ आहे. पण तुम्हीच आम्हाला गणित शिकवलंत. एकदा हिशेब करून बघा."

मी हिशेब केला, तो आपणांपुढे मांडतो. एका रुग्णास दिवसातून सहा वेळा औषध. प्रत्येक वेळी तीनदा पिचकारी जोडावयाची: आधी नळी धुण्यासाठी, मग औषधासाठी, पुन्हा धुण्यासाठी. झाल्या अठरा जोडण्या. प्रत्येकीस पंधरा सेकंद घासणे आणि पंधरा सेकंद वाळणे धरले, तर ५४० सेकंद, म्हणजे नऊ मिनिटे. वॉर्डात असे वीस रुग्ण धरा. झाली १८० मिनिटे. पूर्ण तीन तास! तीन पाळ्यांत वाटले तरी दर पाळीस एक तास केवळ झडपांची तोंडे पुसण्यात जावयास हवा. हा तास कामाच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नसतो. तो तिने कोठून आणावयाचा?

त्या रात्री मला झडपेच्या रचनेचा खरा प्रश्न समजला. निर्मात्याने आपली झडप प्रयोगशाळेतील ताज्या हातासाठी घडवावयाची नसून पहाटे चार वाजताच्या थकलेल्या हातासाठी घडवावयाची आहे. त्या दृष्टीने पाहता चांगल्या झडपेची लक्षणे सांगता येतात. तिचा माथा सपाट व अखंड असावा, की एका घासण्यात स्वच्छ व्हावा. आतील वाट सरळ व आखूड असावी आणि मोकळी जागा अगदी थोडी, की अल्प पाण्याने ती धुतली जावी. कवच पारदर्शक असावे, की राहिलेले रक्त दिसावे. चिमटा आधी की मागाहून, हा प्रश्नच शक्यतो उरू नये. आता स्पिरिटमध्ये भिजविलेल्या लहान टोप्याही निघाल्या आहेत. दोन औषधांच्या मधल्या काळात टोपी झडपेवर बसवून ठेवली की तोंड झाकलेलेही राहते आणि निर्जंतुकही होते. थकलेल्या हाताचा विचार केला म्हणजे अशा युक्त्या सुचतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्लास्टिकचे व रबराचे साचे घडविणारे कुशल तरुण आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावी आहे. या दोहोंमध्ये काही मैलांचेच अंतर आहे. साचा घडविणाऱ्या तरुणाने एक रात्र वॉर्डात उभे राहून काढावी, आणि परिचारिकेने एक दिवस साच्याजवळ उभे राहून आपली अडचण सांगावी, एवढेच माझे मागणे आहे. त्यातून निघणारी वस्तू स्वस्त असेल आणि आपल्या वॉर्डांना मानवणारीही असेल.

आणि आपण, जे खाटेशेजारी बसतो, त्यांनी काय करावे? नळीच्या तोंडास विनाकारण हात लावू नये. टोपी पडली तर उचलून पुन्हा बसवू नये, सिस्टरांस सांगावे. पुसावयाचे राहिले असे दिसले तर आठवण द्यावी, पण आरोपीस विचारावे तशी नव्हे. तिचा तो नोंद न झालेला एक तास आपणांस ठाऊक आहे, हे आपल्या स्वरातून तिला कळावे.

माझे बंधू बाराव्या दिवशी घरी आले. निघताना मी त्या सिस्टरला म्हटले, "तुझा हिशेब बरोबर होता." ती हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिच्या हातात पिचकारी होती, आणि दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा.